घरची भाषा व राष्ट्राची भाषा



गेल्या जून महिन्यात शाळाप्रवेशाच्या दिवशी एक सद्गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले होते. मुलास पाचव्या इयत्तेत घालावयाचे होते. फॉर्म भरून झाल्यावर त्यांनी मोठ्या नम्रतेने एक विनंती केली. "सर, ह्याला शाळेत मराठी मुळीच बोलू देऊ नका. घरीही आम्ही बंद केले आहे. आजीशी बोलतो तेवढीच अडचण आहे. तिलाही सांगून ठेवले आहे." मुलगा खाली मान घालून आपल्या बुटांकडे पाहत उभा होता. त्या गृहस्थांच्या मनात मुलाच्या कल्याणावाचून दुसरा हेतू नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होते. तरीही मजकडून त्यांस तत्काळ उत्तर देववले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच मी म्हणालो. ते उत्तर आज ह्या लेखाच्या रूपाने देत आहे. आणि असा प्रश्न मनात असणारे पालक पुष्कळ आहेत हे ठाऊक असल्यामुळे सर्वांसमक्ष देत आहे.

वरवर पाहता हा एका घरचा प्रश्न आहे. परंतु थोडा विचार केला असता तो एका फार मोठ्या प्रश्नाचे लहान रूप आहे, असे दिसून येईल. सर्वांशी व्यवहार करता येईल अशी एक भाषा मिळवावयाची असेल, तर घरची भाषा टाकलीच पाहिजे काय? ह्या प्रश्नाशी सुमारे अडीचशे वर्षे झगडत आलेला एक देश जगाच्या पाठीवर आहे. तो म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथील मूळचे रहिवासी वगळले तर त्या देशाची बहुतेक सर्व प्रजा बाहेरून आलेली आहे. कोणी चारशे वर्षांपूर्वी, कोणी शंभर वर्षांपूर्वी, कोणी काल-परवा. कोणी पोटासाठी, कोणी धर्मासाठी, तर कोणी गुलाम म्हणून साखळदंडांत बांधून आणलेले. प्रत्येकाबरोबर त्याची भाषा आली. इतक्या भाषांचे काय करावे, ह्याचे निरनिराळे प्रयोग त्या देशाने करून पाहिले. कित्येक सफल झाले, कित्येक फसले. दुसऱ्याने केलेल्या प्रयोगापासून फुकट शिकावयास मिळते, म्हणून आपण तो इतिहास थोडक्यात पाहू.

१. राज्यघटनेचे मौन

पहिली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, १७८७ साली लिहिलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्रभाषेविषयी एक अक्षरही नाही. त्या वेळी भाषा एकच होती म्हणून हे मौन राखले गेले, असे मात्र नव्हे. न्यूयॉर्कच्या परिसरात डच बोलणारी कुटुंबे होती. पेनसिल्व्हेनियात जर्मन शेतकऱ्यांची दाट वस्ती होती. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, तेव्हा त्याची बातमी ५ जुलै रोजी फिलाडेल्फियातील एका जर्मन वर्तमानपत्राने छापली होती, ही गोष्ट तेथील इतिहासकार मोठ्या कौतुकाने सांगतात.

ह्या जर्मनांविषयी भीती बाळगणारे लोकही तेव्हा होते, आणि त्यांत बेंजामिन फ्रँकलिनसारखा थोर पुरुष होता. हे जर्मन आपल्यासारखे होण्याऐवजी आपणासच जर्मन करून सोडतील, अशा आशयाची चिंता त्याने १७५१ साली लिहिलेल्या एका निबंधात व्यक्त केली. गंमत अशी की, १७३२ साली त्या वसाहतींतील पहिले जर्मन वर्तमानपत्र छापणारा मुद्रक हाच फ्रँकलिन होता! एकाच मनुष्याच्या मनात भाषेविषयी किती परस्परविरुद्ध विचार नांदू शकतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

येथे एका दंतकथेचाही समाचार घेतला पाहिजे. जर्मन ही अमेरिकेची राष्ट्रभाषा व्हावयाची होती, पण एका मताने हरली, असे पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. ते खरे नाही. घडले ते एवढेच: व्हर्जिनियातील काही जर्मन लोकांनी कायदे जर्मनमध्येही छापावेत असा अर्ज केला होता. त्या विषयाच्या चर्चेत, १७९५ साली, सभा तहकूब करण्याची एक सूचना ४१ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळली गेली. शेवटी कायदे इंग्रजीतच छापावयाचे ठरले. राष्ट्रभाषेचा प्रश्न मतास पडलाच नव्हता. छापील मजकूर वाचतानाही शहानिशा करावी, हा धडा विद्यार्थ्यांनी येथे जाता जाता घ्यावा.

२. सहिष्णुतेचा काळ आणि शंकेची सुरुवात

पुढील शतकात युरोपातून लक्षावधी लोक आले. १८३९ साली ओहायो राज्याने कायदा करून, पालकांची मागणी असल्यास सरकारी शाळांत जर्मन शिकविण्यास परवानगी दिली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेत कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावेत असे कलम होते, कारण ती भूमी नुकतीच मेक्सिकोकडून घेतलेली असून तेथील जुने रहिवासी स्पॅनिश बोलणारे होते. १८७९ साली नवी घटना झाली तेव्हा मात्र हे कलम गळाले. आणि पुढे वारा हळूहळू फिरू लागला.

१८८९ साली विस्कॉन्सिन राज्याने 'बेनेट कायदा' केला. त्याने वाचन, लेखन, गणित व देशाचा इतिहास हे विषय सर्व शाळांत, धर्मसंस्थांच्या शाळा धरून, इंग्रजीतच शिकविण्याची सक्ती केली. ल्यूथरन व कॅथोलिक हे दोन पंथ एरवी एकमेकांपासून दूर राहणारे; परंतु आपापल्या शाळांसाठी दोघे एक झाले, १८९० च्या निवडणुकीत गव्हर्नर पराभूत झाला आणि १८९१ साली कायदा रद्द करण्यात आला. १९०६ साली, नागरिक होऊ इच्छिणाऱ्यास इंग्रजी बोलता आले पाहिजे, अशी अट देशभर लागू झाली. ही अट अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. ज्या घरात राहावयाचे त्या घराची बोली शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु 'आमची शिका' ह्या अपेक्षेचे रूपांतर 'तुमची सोडा' ह्या हुकुमात होण्यास फार काळ लागला नाही.

३. हॅम्प्टन गावचा मास्तर

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध उतरली आणि लोकांचा राग शत्रूच्या सैन्यावरून त्याच्या भाषेवर गेला. खारवलेल्या कोबीच्या एका जर्मन पदार्थास देखील 'स्वातंत्र्य-कोबी' असे नवे नाव देण्यात आले! १९१५ साली माध्यमिक शाळांतील सुमारे चतुर्थांश विद्यार्थी जर्मन शिकत असत. १९२२ साली हे प्रमाण शेकडा एकाहूनही खाली आले. एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात एका निरपराध जर्मन मजुरास जमावाने झाडास टांगून ठार मारले.

त्याच वर्षी २३ मे रोजी आयोवा राज्याचे गव्हर्नर हार्डिंग ह्यांनी एक हुकूम काढला. शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, दूरध्वनीवर, सभांत व देवळांतील उपासनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलावयाची नाही, असा तो हुकूम होता. ज्यांस इंग्रजी समजत नसेल त्यांनी आपली प्रार्थना घरी करावी! हुकूम निघाला जर्मनवरील रागातून, पण त्याच्या जात्यात डॅनिश, नॉर्वेजियन व चेक शेतकरीही भरडले गेले, आणि त्यांची मुले तर अमेरिकेच्याच बाजूने लढत होती. बायबलातील बाबेलच्या बुरुजापाशी मानवांच्या भाषांचा गोंधळ झाल्याची कथा तुम्हांस ठाऊक आहे. तिच्यावरून लोक ह्या हुकुमास 'बाबेलचा जाहीरनामा' म्हणू लागले. युद्ध संपल्यावर तो मागे घेण्यात आला, परंतु त्यामागची वृत्ती राहिली.

शेजारच्या नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदाच केला. कोणत्याही शाळेत, मग ती सरकारी असो की खाजगी, इंग्रजीवाचून दुसऱ्या भाषेत काही शिकवू नये. आणि परभाषा हा विषय म्हणूनदेखील आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वी शिकवू नये, असा तो कायदा होता. ग्रीक व लॅटिन ह्या मृत भाषा शिकविण्यास हरकत नाही, असा अर्थ तेथील न्यायालयाने पुढे लावला. म्हणजे, मुलाने जी भाषा आपल्या आजोबांशी बोलावी तीच तेवढी निषिद्ध ठरली.

ह्या राज्यात हॅम्प्टन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील ल्यूथरन मंडळीच्या शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक होते. मंडळीतील वृद्धांची उपासना जर्मनमध्ये चाले. मुलांस ती समजावी म्हणून दुपारची सुटी थोडी वाढवून तेवढ्या वेळात मायर मुलांस जर्मन वाचावयास शिकवीत. २५ मे १९२० रोजी ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलातील गोष्टींचे एक पुस्तक वाचून घेत असताना सरकारी वकील दाराशी आला. मायर ह्यांनी पुढे सांगितले ते असे की, त्या क्षणी इंग्रजीत बोलू लागलो तर हा मनुष्य काही करणार नाही आणि जर्मन चालू ठेवले तर पकडील, हे आपणांस कळून चुकले होते. पण आपण डगमगता कामा नये, असे आपण मनाशी म्हटले. त्यांनी जर्मन धडा तसाच पुढे चालू ठेवला. त्यांस २५ डॉलर दंड झाला.

दंड भरून टाकणे सोपे होते. मायर ह्यांनी तो भरला नाही. नेब्रास्काच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम केली, तेव्हा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन अशा मतांनी मायर ह्यांच्या बाजूने निकाल लागला. न्यायमूर्ती मॅक्‌रेनॉल्ड्स ह्यांच्या निकालपत्राचा आशय असा: सर्व नागरिकांस इंग्रजी यावे ही राज्याची इच्छा योग्य आहे आणि तसे शिक्षण देण्याची सक्तीही राज्य करू शकते, परंतु शांततेच्या काळात एखाद्या मुलास दुसरी भाषा येणे ही काही आपत्ती नव्हे. शिक्षकाचा शिकविण्याचा आणि पालकाचा आपल्या मुलास शिकवून घेण्याचा हक्क घटनेतील 'स्वातंत्र्य' ह्या शब्दात सामावलेला आहे. प्राचीन स्पार्टाने मुलांस आईबापांपासून तोडून एकाच साच्यात घातले. तसे करणे ह्या देशाच्या घटनेशी विसंगत होय, असाही दाखला त्यांनी दिला.

विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती होम्स हे त्या काळातील अत्यंत नामांकित न्यायाधीश होते, हे सांगणेही न्यायाचे होईल. ज्या मुलाच्या कानांवर घरी एक परभाषाच पडते त्यास शाळेत तरी केवळ इंग्रजी ऐकू यावी, असे एखाद्या राज्यास वाटले तर ते सर्वस्वी अविचाराचे म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे आमच्याकडे आलेल्या त्या सद्गृहस्थांच्या बाजूसही मोठ्या मनुष्याचा पाठिंबा आहे! म्हणूनच हा प्रश्न उपहासाने उडवून देण्यासारखा नाही.

४. जे कोठूनही आले नव्हते

आतापर्यंत बाहेरून आलेल्यांची हकीकत झाली. परंतु त्या भूमीचे मूळचे रहिवासी कोठूनही आले नव्हते. त्यांच्या भाषांस अधिक कठोर वागणूक मिळाली. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे त्यांच्या मुलांसाठी एक वसतिशाळा निघाली. तेथे मुलांचे केस कापीत, नावे बदलीत आणि मातृभाषेत बोलल्यास शिक्षा करीत. पुढे अशा शाळा देशभर झाल्या. १८८७ साली सरकारी हुकूम निघाला की, आदिवासींच्या कोणत्याही शाळेत, मिशनच्या शाळा धरून, त्यांच्या भाषेत शिक्षण देऊ नये. पुष्कळ मिशन शाळांनी हे धोरण आपलेसे केले, ही गोष्ट मिशनच्या शाळेत वाढलेल्या व शिकविणाऱ्या मजसारख्याने लपवून ठेवणे बरे नव्हे. काहींनी विरोधही केला. नेब्रास्कातच सँटी येथील मिशन शाळेचे मुख्य आल्फ्रेड रिग्ज हे मुलांस डकोटा भाषेतून शिकवीत असत, आणि मुलास जी भाषा समजते तीतूनच त्याच्या बुद्धीस हात घालता येतो, ह्या मताचे ते होते.

हवाई बेटांची हकीकत आपल्याशी अधिक जवळची आहे. अमेरिकेतील ज्या मिशन मंडळाने १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांस मुंबईस पाठविले, त्याच मंडळाचे लोक १८२० साली हवाई बेटांवर उतरले. मुंबईस आलेल्यांनी मराठी शिकून मराठीत पुस्तके छापली. त्याच मिशनच्या परिश्रमातून पुढे १८४२ साली अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' हे मासिक निघाले. हवाईस गेलेल्यांनी तेथील भाषेस लिपी दिली, १८२२ साली छापखाना चालू केला व १८३९ पर्यंत संपूर्ण बायबल त्या भाषेत आणले. हवाईतील लोक मोठ्या प्रमाणात साक्षर झाले, तेही आपल्याच भाषेत. पुढे १८९३ साली तेथील राणीस पदच्युत करण्यात आले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच माध्यम ठरले. तीन पिढ्यांत ती भाषा मुलांच्या तोंडून जवळजवळ नाहीशी झाली. १९७८ साली राज्याच्या घटनेने तिला इंग्रजीच्या जोडीला अधिकृत स्थान दिले आणि १९८४ पासून पालकांनी व शिक्षकांनी मिळून लहान मुलांसाठी 'पुनाना लेओ', म्हणजे वाणीचे घरटे, नावाच्या बालशाळा चालू केल्या. जे एका कायद्याने मोडले ते पुन्हा उभारण्यासाठी म्हाताऱ्या माणसांस शोधून मुलांपुढे बसवावे लागले.

आणखी एक हकीकत सांगून हा भाग पुरा करतो. १९४२ साली जपानशी युद्ध चालू असता शत्रूस उलगडणार नाही अशी सांकेतिक भाषा अमेरिकेच्या सैन्यास हवी होती. ती नावाहो जमातीच्या २९ तरुणांनी आपल्या मातृभाषेच्या आधारे तयार केली, आणि पुढे त्यांच्यासारख्या शेकडो जवानांनी ती रणांगणावर वापरली. जपान्यांस तो संकेत कधीही फोडता आला नाही. ह्या तरुणांपैकी काहींस लहानपणी शाळेत ह्याच भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या होत्या. शिक्षा म्हणून तोंड साबणाने धुतल्याच्या आठवणी त्यांनी सांगितल्या आहेत. जी भाषा शाळेने त्यांच्या तोंडातून धुऊन काढावयाचा प्रयत्न केला, तीच देशास संकटकाळी उपयोगी पडली. १९९० साली अमेरिकेच्या काँग्रेसने ह्या आदिभाषांचे जतन करणे हे राष्ट्राचे धोरण म्हणून कायद्याने जाहीर केले.

५. समाईक भाषेची गरज

एवढे वाचून कोणी असे म्हणेल की, मग इंग्रजीचा आग्रहच चुकीचा. तसे मुळीच नाही. समाईक भाषेवाचून मोठ्या देशाचा व्यवहार चालत नाही, आणि ती न येणाऱ्या मुलाची फार हानी होते. सॅन फ्रान्सिस्को शहरात इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुले कोणत्याही विशेष मदतीवाचून वर्गात नुसती बसून राहत. त्यांच्या पालकांनी दाद मागितली. सर्वांस तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे सर्वांस समान शिक्षण मिळाले असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला. उलट, १९९६ साली लॉस एंजेलिस येथील एका प्राथमिक शाळेतील स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांनी मुलांस घरी ठेवून बहिष्कार पुकारला, तो आपल्या मुलांस इंग्रजी पुरेशी शिकवीत नाहीत म्हणून! गरीब मजूर आईबापांची ही तळमळ कोण चुकीची म्हणेल? त्यानंतर १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सरकारी शाळांतील द्विभाषी शिक्षणावर कडक मर्यादा घातल्या. आणि २०१६ साली त्याच राज्याच्या मतदारांनी त्या बहुतांशी उठविल्या.

तेव्हा भीती खरी कोणती आणि खोटी कोणती, हे आकड्यांवरून पाहावे. २०१९ साली अमेरिकेत पाच वर्षांवरील सुमारे ६ कोटी ७८ लाख लोक घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलत होते. म्हणजे दर पाचांत एक. आकडा ऐकून इंग्रजी बुडाली असे कोणास वाटेल. परंतु ह्याच लोकांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपणांस इंग्रजी अतिशय चांगली येते, असे सांगितले. शिवाय आगंतुकांच्या घरांत साधारण एकच क्रम दिसून येतो. आजोबा मातृभाषा बोलतात व इंग्रजी अडखळत. मुलास दोन्ही येतात. नातवास बहुधा इंग्रजीच येते. फ्रँकलिनने ज्यांची धास्ती घेतली त्या जर्मनांचे बहुतेक वंशज आज इंग्रजीच बोलतात. बाजार, नोकरी, शाळा आणि शेजार ह्यांच्या ओढीने बंदीच्या कायद्यावाचूनही हे घडून येते. तेव्हा धोका इंग्रजीस नसून आजोबांच्या भाषेसच असतो. ह्याच कारणास्तव अमेरिकेत गेलेली आपली मराठी कुटुंबे पुष्कळ शहरांत सुटीच्या दिवशी मुलांसाठी मराठी शाळा चालवितात. एवढ्या दूर राहून, नोकरीधंदा सांभाळून, ते जे जपावयास धडपडतात ते आपण घरबसल्या टाकावयास निघालो आहोत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

वाद अजून मिटलेला नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी आदेश काढून इंग्रजीस देशाची अधिकृत भाषा म्हणून घोषित केले. देशपातळीवर असे प्रथमच झाले. हा अध्यक्षांचा आदेश आहे, काँग्रेसचा कायदा नव्हे. आणि इतर भाषांतील सरकारी कागदपत्रे बंदच केली पाहिजेत अशी सक्ती त्यात नाही. कित्येकांस ह्यात राष्ट्रैक्य दिसते, कित्येकांस जुन्या हुकुमांची सावली दिसते. कोणाचे भाकीत खरे ठरेल हे काळच सांगेल.

६. आपणांस घ्यावयाचा बोध

आपल्या देशाची स्थिती अमेरिकेहून निराळी आहे. आपल्या बहुतेक भाषा कोणी जहाजातून आणल्या नाहीत. त्या आपापल्या भूमीत शेकडो वर्षे रुजलेल्या आहेत. म्हणून तेथील प्रत्येक गोष्ट येथे जशीच्या तशी लागू पडणार नाही. परंतु एक तत्त्व दोन्हीकडे सारखेच खरे आहे, आणि तेच मला ह्या लेखात सांगावयाचे आहे. समाईक भाषा ही मिळवावयाची वस्तू आहे, आणि ती शिकविल्याने मिळते. दुसरी भाषा बंद केल्याने मिळत नाही. शिकविण्यास श्रम, पुस्तके, चांगले शिक्षक व काळ लागतो. बंदी घालण्यास काहीच लागत नाही, म्हणून ती करावयाचा मोह होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुलांस हवे होते ते शिक्षण. हॅम्प्टनच्या मुलांच्या वाट्यास आली ती बंदी. ह्या दोहोंतील भेद ज्यास कळला त्यास ह्या इतिहासाचे सार कळले.

हे तत्त्व मी केवळ पुस्तकांतून शिकलो असतो तर इतक्या आग्रहाने सांगितले नसते. मी सातवीत असताना आमच्या वर्गात एक वही असे. मधल्या सुटीत जो मराठीत बोलेल त्याचे नाव तीत टिपावयाचे आणि शनिवारी प्रत्येक नावामागे एक रुपया दंड घ्यावयाचा, असा नियम होता. वर्गप्रमुख मी असल्यामुळे वही माझ्या ताब्यात असे. माझ्या बाकावर खेड्यातून आलेला एक मुलगा बसत असे. गोष्ट सांगण्यात त्याचा हातखंडा होता. एके दिवशी डबा खाताना त्याने आपल्या विहिरीत पडलेले वासरू गावकऱ्यांनी कसे वर काढले, ती हकीकत सांगितली. मी ती शेवटपर्यंत तल्लीन होऊन ऐकली, आणि मग वही उघडून त्याचे नाव लिहिले. त्याने शनिवारी रुपया दिला. मला काही बोलला नाही. परंतु त्यानंतर त्याने वर्गात गोष्ट म्हणून कधी सांगितली नाही. मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. वर्षअखेर तो इंग्रजीत नापास झाला आणि पुढील वर्षी शाळेत दिसला नाही. त्या वहीने त्यास इंग्रजी शिकविली नाही. गप्प बसावयास मात्र शिकविले. ते शिकविण्यात माझा हात होता, ह्याचे शल्य मला आज शिक्षक म्हणून वर्गात उभे राहतानाही आहे.

तेव्हा जून महिन्यातील त्या सद्गृहस्थांस माझे उत्तर असे आहे. आपल्या मुलास इंग्रजी उत्तम आली पाहिजे, ह्याविषयी आपले व माझे एकमत आहे. इंग्रजीच्या तासास तो इंग्रजीच बोलेल. चुकला तर मी त्यास सुधारीन, हसणाऱ्यास गप्प करीन, आणि रोज थोडे वाचन व थोडे लेखन त्याजकडून करवून घेईन. पण मधल्या सुटीत त्याचे नाव टिपण्यासाठी माझ्याजवळ वही असणार नाही. ज्या मुलास घरी आलेला प्रसंग नीट क्रमाने, रंग भरून सांगता येतो, त्यास तोच प्रसंग पुढे दुसऱ्या भाषेत सांगावयास शिकविता येते. ज्याच्याजवळ सांगावयासच काही उरले नाही, त्यास कोणत्याही भाषेचे व्याकरण शिकवून काय उपयोग?

विद्यार्थ्यांसही एक काम सांगतो. येत्या नाताळच्या सुटीत आपल्या आजीस किंवा आजोबांस त्यांच्या लहानपणची एक गोष्ट विचारा. ती त्यांच्याच शब्दांत, जशी ऐकली तशी, मराठीत लिहा. घरची बोली कोकणी, अहिराणी अथवा दुसरी कोणती असेल तर तीत लिहा. मग तीच इंग्रजीत उतरवा. अडेल तेथे शब्दकोश पाहा, तरीही अडले तर जागा मोकळी सोडून मजकडे या. आजीच्या एखाद्या शब्दास इंग्रजीत जोड सापडत नाही असे आढळले, तर तो शब्द मुद्दाम वहीत लिहून ठेवा. ही वही मात्र मी आनंदाने तपासीन.

आणि आपण, त्या मुलाचे वडील, हे पान वाचत असाल तर एवढेच करा. आजीला जे सांगून ठेवले आहे ते मागे घ्या. मुलास तिच्याजवळ बसू द्या. इंग्रजी शिकविण्याची जबाबदारी आमची आहे.